शेवटचे ताट

काल रात्री तुमच्या घरी सगळ्यांत शेवटी कोण जेवले? थोडे आठवून पाहा. तिच्या ताटात काय होते, तेही आठवून पाहा. आठवत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. आम्हालाही आठवत नव्हते.

ही गोष्ट १९९२ सालची. आम्ही तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मास्तर होतो. चौथीच्या पोरांना आहाराचा पाठ शिकवीत होतो. वर्गाच्या भिंतीवर एक रंगीत तक्ता टांगलेला होता. त्यावर सफरचंद, द्राक्षांचा घड, लोण्याचा गोळा, दुधाचा पेला अशी चित्रे होती. आमच्या गावात सफरचंद म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाताना घ्यायची वस्तू. एका पोराने विचारले, "गुरुजी, यात भाकरी कुठं हाय?" आम्ही त्याला गप्प बसवले. खरे तर त्याचाच प्रश्न बरोबर होता.

त्याच साली आमची मंडळी दुसऱ्या खेपेची गरोदर होती. पाचवा महिना चालू होता. विहिरीवरून घागर आणताना तिला धाप लागे. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येई. आमची आई म्हणे, "दिवसच तसे आहेत, होतं असं." आम्हीही तेच धरून चाललो. शेवटी एके दिवशी ती चुलीपुढेच खाली बसली, तेव्हा तिला आरोग्य केंद्रात नेले. तिथे रक्त तपासले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुरुजी, रक्त साडेसातच आहे. गरोदर बाईचं अकराच्या खाली जाऊ नये."

मग त्यांनी मंडळींना विचारले, "काल रात्री काय जेवलात?"

"भाकरी अन् चटणी."

"आमटी केली नव्हती?"

"केली होती की. संपली."

"आणि भाजी?"

"ती बी संपली."

डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत. आम्ही दिवसभर पोरांना सकस आहार शिकवीत होतो, आणि आमच्याच घरी आमटी कोणापाशी येऊन संपते हे आम्हाला ठाऊक नव्हते.

त्या रात्री आम्ही जेवताना मुद्दाम पाहिले. आधी वडील आणि आम्ही बसलो. मग धाकटा भाऊ आणि मुलगा. मग आई. वाटीत आमटी संपली की मंडळी न मागता पुन्हा वाढी. कोणी "पुरे" म्हणेना. तिची पाळी आली तेव्हा पातेल्यात पळीभरच आमटी होती. तीही तिने मुलाला सकाळी लागेल म्हणून झाकून ठेवली. कोणी तिला उपाशी ठेवले नव्हते. भाकऱ्या दुरडीत होत्या. पण नुसत्या भाकरीने पोट भरते, रक्त भरत नाही.

आता भाकरीत काय असते, ते पाहू. भाकरी वाईट नाही. ज्वारी-बाजरी हे आपले मोठे धन आहे. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते. पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसते. नाचणीत तर दुधाच्या जवळजवळ तिप्पट कॅल्शियम असते. हाडे-दात त्याने पक्के होतात. २०२३ साल साऱ्या जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. शहरातले लोक आता नाचणीची बिस्किटे महाग भावाने घेतात. आणि आपल्याकडे पाहुणा आला की भाकरी झाकून पोळी करतात! हे आम्हाला काही पटत नाही.

पण भाकरी एकटी अपुरी पडते. अंगाचे मांस आणि रक्त ज्याने बनते, त्याला प्रथिने म्हणतात. प्रथिनांचे बारीक बारीक भाग असतात. ज्वारीत त्यांतला एक भाग कमी पडतो. तोच भाग डाळीत भरपूर असतो. डाळीत दुसरा एक भाग कमी असतो, तो ज्वारीत मिळतो. एका शेतकऱ्याकडे एकच बैल, शेजाऱ्याकडेही एकच. दोघे बैल जोडतात आणि दोघांचीही शेते नांगरून होतात. भाकरी आणि डाळ यांची सावड अशीच आहे. भात आणि वरण यांचीही तशीच. खिचडीचीही तशीच. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, तर तुरीच्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम. शेंगदाण्यांत त्याहूनही थोडी जास्तच. म्हणून पिठले-भाकरी हे गरिबाचे जेवण असले तरी कमी दर्जाचे नाही. शेंगांची चटणीही चांगली. पण चिमूटभर चटणीने डाळीची भर निघत नाही. पळीभर नव्हे, वाटीभर आमटी हवी.

आता रक्ताचे पाहू. रक्ताला लोह लागते. बाईच्या अंगातून दर महिन्याला रक्त जाते. गरोदरपणी तर पोटातले बाळही तिच्याच रक्तावर वाढते. म्हणजे घरात लोहाची गरज सगळ्यांत जास्त तिला, आणि जेवायला सगळ्यांत शेवटी ती. सरकारने २०१९ ते २०२१ या काळात देशभर कुटुंबांची पाहणी केली. तीत १५ ते ४९ वयाच्या १०० बायांमागे ५७ जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. आम्ही तो आकडा वाचला तेव्हा पातेल्यातली ती पळीभर आमटी आठवली.

लोह कशात असते? बाजरीत, मटकी-हरभऱ्यात, तिळात आणि हिरव्या पाल्यात असते. शेवग्याच्या शेंगा आपण विकतो, पण झाडाचा पाला शेळीला घालतो. मुळा खातो, मुळ्याचा पाला उकिरड्यावर टाकतो. राजगिरा, माठ, तांदुळजा, घोळ, हरभऱ्याचा कोवळा पाला हे सारे बांधावर किंवा शेतात मिळते. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली तर सत्त्व पाण्यात जाते. शिजवलेले पाणीही फेकू नये. अंबाडीची गोष्ट वेगळी. तिचे पाणी काढले नाही तर ती तोंडात घालवत नाही. पण तीत ज्वारीच्या कण्या आणि डाळ घालायची आपली जुनी रीत आहे. ती रीत ज्या कोणा बाईने पहिल्यांदा घातली, ती शाळेत गेली नसेल, पण शहाणी होती. पाल्याला फोडणी हवी. पाल्यात डोळ्यांना लागणारे सत्त्व असते आणि ते थोड्या तेलाशिवाय अंगी लागत नाही. ते कमी पडले की रातांधळेपणा येतो.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. धान्यातले आणि पाल्यातले लोह अंगात सहजासहजी शिरत नाही. त्याला आंबटाची मदत लागते. लिंबू, आवळा, पेरू यांत क जीवनसत्त्व असते. ते लोहाला आत घेऊन जाते. म्हणून जेवताना भाजीवर किंवा उसळीवर लिंबू पिळावे. शिजताना पिळू नये, कारण आचेने ते सत्त्व जाते. मटकीला मोड आणले की तिच्यातही हे जीवनसत्त्व तयार होते, आणि लोहही मोकळे होते. रात्री भिजत घाला, सकाळी फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी मोड येतात. भाजी लोखंडी कढईत केली तर कढईचे थोडे लोह भाजीत उतरते. भाजी थोडी काळपट होते, त्याने काही बिघडत नाही. फक्त शिजल्यावर दुसऱ्या भांड्यात काढावी.

आणि चहा! चहा लोहाला वाटेतच अडवतो. जेवल्याबरोबर चहा प्यायला तर त्या जेवणातले बरेचसे लोह वाया जाते. तासभर तरी थांबावे. आमची मंडळी सकाळी उपाशीपोटी चहा पिई, आणि दुपारी भाकरीबरोबरही चहाच पिई, कारण कालवण संपलेले असे. चहा सोडायला सांगितले तेव्हा ती आमच्यावर जितकी रागावली तितकी कधी रागावली नव्हती. सुटला नाही, पण जेवणापासून लांब गेला.

दुधाचेही सांगतो. आमच्याकडे एक म्हैस होती. दूध सगळे डेअरीला जाई. पैसा लागतो, हे खरे. पण रक्ताला लागणारे ब-१२ नावाचे एक जीवनसत्त्व धान्यात, डाळीत, पाल्यात मिळत नाही. जो माणूस मांस-अंडी खात नाही, त्याला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते. म्हणून थोडे दूध घरी ठेवू लागलो. त्याचे विरजण लावले की सगळ्यांना वाटी-वाटी ताक होई.

डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्याही दिल्या होत्या. रक्त इतके उतरले असेल तर नुसत्या जेवणाने वेळेत भरून येत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. गोळ्यांनी शौचाला काळे होते. मंडळी घाबरली आणि चार दिवस गोळ्या बंद केल्या. मग बाईंनी समजावले, की त्यात भिण्यासारखे काही नाही.

घरातले बदल मोठे नव्हते. डाळ एक मूठ जास्त पडू लागली. दारातल्या शेवग्याचा पाला आठवड्यातून दोनदा कढईत आला. सगळ्यांत अवघड होते ते एकत्र बसणे. वडील दोन दिवस काही बोलले नाहीत. सुनेने सासऱ्यासमोर जेवायला बसायचे, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनीच पातेले मधोमध ओढले आणि म्हणाले, "आधी तिला वाढा, तिला दोघांचं खायचं हाय." पुढे भोगीचा सण आला. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आणि गाजर, वांगे, पावटा, ओला हरभरा, शेंगदाणे घातलेली भाजी. त्या दिवशी तिने पोटभर जेवण केले. आम्ही मोजले, तीन वेळा भाजी घेतली.

आठव्या महिन्यात रक्त दहाच्या वर गेले. मुलगी झाली, पावणेतीन किलोची. तिला आज दोन पोरे आहेत. अंबाडीची भाजी तिला मुळीच आवडत नाही. शेवग्याचा पाला मात्र खाते, आणि माहेरी आली की जाताना पिशवी भरून नेते.