ठेका लिहून ठेवणारे यंत्र



गेल्या पावसाळ्यात आपल्या गायनमंडळात एक छोटासा वाद झाला. आपला ड्रमवादक अकरावीत शिकणारा मुलगा आहे. उत्साही आहे, पण गीत सुरू झाले की त्याची लय हळूहळू वाढत जाते, अशी ज्येष्ठांची तक्रार होती. शेवटी कोणीतरी म्हणाले, "फादर, या ड्रमच्या यंत्रातच ठेका भरून ठेवता येतो म्हणे. मग मुलगा आला काय अन् नाही आला काय!" सूचनेमागे वाईट हेतू नव्हता. पण तो मुलगा तिथेच वायरी गुंडाळत उभा होता आणि त्याने ते ऐकले.

आम्ही तो प्रयोग एका रविवारी करूनही पाहिला. कम्युनियन गीताला यंत्र लावले. रांग लांब होती, गाणारेही रांगेत जाऊन येत होते आणि ध्रुवपदानंतर मंडळी नेहमीप्रमाणे जरा सावकाश श्वास घेत होती. यंत्राला श्वास घ्यायचा नसतो. दुसऱ्या कडव्यापर्यंत गायन एकीकडे आणि ठेका दुसरीकडे! कीबोर्ड वाजवणाऱ्या बाईंनी हात लांब करून आवाजाचे बटण शून्यावर आणले आणि गीत कसेबसे पार पडले.

त्यानंतर मी ते यंत्र नीट समजून घ्यायचे ठरवले. या लेखात ते आपल्यापुढे मांडतो, विशेषतः गायनमंडळातील तरुणांसाठी.

इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या काही संचांत 'सीक्वेन्सर' नावाची सोय असते. रोलँड कंपनीच्या १९९७ सालच्या टीडी-१० मध्ये ती होती. अलीकडच्या अनेक संचांत तिच्याऐवजी ध्वनिमुद्रक दिलेला असतो. आपला संच जुना, कोणीतरी वापरून दिलेला, म्हणून आपल्याकडे ती आहे. सीक्वेन्सर आवाज साठवत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. कोणत्या पॅडवर प्रहार झाला, कोणत्या क्षणी झाला आणि किती जोराने झाला, एवढेच तो टिपतो. १९८३ मध्ये आलेल्या मिडी पद्धतीत प्रहाराचा जोर १ ते १२७ अशा आकड्यांत मोजतात. म्हणजे ही टेप नव्हे, ही वही आहे. म्हणूनच एकदा टिपलेला ठेका मागाहून हळू किंवा जलद वाजवला तरी आवाज जाड-बारीक होत नाही, आणि स्नेअरचा आवाज बदलला तरी वादन तेच राहते.

वही उघडण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्यात: लय, मात्रांचा हिशेब आणि लांबी. लय यंत्रावर ठरवू नये. आधी गीत गाऊन पाहावे, हाताने मात्रा मोजाव्यात आणि मग तो आकडा यंत्रात घालावा. आमच्याकडे नेमके उलटे झाले होते. मात्रांचे म्हणाल तर, तबला-ढोलकीवर केरवा शिकलेल्यांनी आठ मात्रा चार-चारच्या एका मापात बसवाव्यात, दादऱ्याला सहा-आठचे माप घ्यावे. हे बहुधा मुद्रणाआधीच ठरवावे लागते. माप चुकले तर आवर्तन भलत्याच ठिकाणी वळते आणि समेचा पत्ता लागत नाही. सुरुवातीला चार मापे पुष्कळ झाली.

आता क्वांटाइझविषयी. यंत्र एका मात्रेचे बारीक भाग पाडते. यंत्रानुसार ९६, १९२ किंवा अधिक. मिनिटाला ८० मात्रांची लय धरली, तर एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची होते आणि तिचा १९२ वा भाग सुमारे ४ मिलिसेकंदांचा. इतक्या बारकाईने तुमचा हात टिपला जातो. क्वांटाइझ चालू केले की यंत्र प्रत्येक प्रहार सरकवून जवळच्या ठरलेल्या घरात बसवते. पाव मात्रेची घरे ठेवली तर दोन घरांत १८७.५ मिलिसेकंदांचे अंतर राहते. प्रहार त्याच्या निम्म्याहून अधिक चुकला, तर यंत्र तो शेजारच्या घरात नेऊन बसवते आणि चूक अगदी रेखीव होऊन वाजते! १९८० च्या सुमारास अमेरिकेत रॉजर लिन यांनी एलएम-१ या ड्रम-यंत्रात ही सोय दिली. गाणी तयार करणाऱ्यांना तिचा फार उपयोग झाला. शिकणाऱ्याने मात्र ती बंद ठेवावी, असे माझे मत आहे. गणिताच्या वहीत कोणी मागून उत्तरे खोडून बरोबर करून ठेवली, तर मुलाला काय कळणार?

त्या मुलाला मी शनिवारी बोलावले. तो रुसलेलाच होता. म्हणाला, "फादर, मी घाई करत नाही. मंडळीच मागे पडतात." आम्ही क्वांटाइझ बंद केले, टिकटिक फक्त त्याच्या हेडफोनमध्ये ठेवली आणि एक माप मोजून मुद्रण सुरू केले. वाजवून झाल्यावर मी त्याला ड्रमपासून दूर, मागच्या बाकावर बसवले आणि टिकटिकीसह सारे पुन्हा लावले. साधा ठेका उत्तम होता. पण जिथे जिथे त्याने रोल घेतला, तिथे पुढची सम टिकटिकीच्या आधी आली. तीनदा ऐकून तो म्हणाला, "रोलमध्येच."

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत ऑगस्टीन यांच्या 'कन्फेशन्स'च्या अकराव्या भागावर आम्ही बरेच दिवस अडलो होतो. आपण काळ मोजतो म्हणजे नेमके काय मोजतो, हा त्यांचा प्रश्न. गेलेला स्वर आता नाही, येणारा अजून आला नाही. मग मोजतो तो मनात उरलेला ठसा. पण वाजवत असताना मन तो ठसा आपल्या सोयीने उमटवते, हे मला त्या बाकावर बसल्यावर पटले. मुलगा खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच घाई ऐकू येत नव्हती.

पुढच्या शनिवारी मंडळी गायला होती. मुलाने पुन्हा टिकटिकीवर वाजवले, यावेळी रोल न घेता. ध्रुवपदाच्या शेवटी, श्वासाच्या जागी, गायन खरोखरच मागे पडले. तेव्हा तोही अगदीच चुकीचा नव्हता. हे मी मंडळींना सांगितले. सर्वांना आवडले असे नाही.

मुद्रण करताना एक सावधगिरी बाळगावी. लूप पद्धतीत आधीचे राहते आणि प्रत्येक फेरीत नवे प्रहार वर चढतात. त्यामुळे आधी फक्त बेस ड्रम, मग हाय-हॅट, मग स्नेअर असे थर देता येतात. पण थांबण्याचे बटण दाबायला विसरलात, तर सहज लागलेला हातही नोंदला जातो. 'रिप्लेस' पद्धतीत उलट, जुने पुसले जाते. म्हणून आवडलेला ठेका आधी दुसऱ्या रिकाम्या क्रमांकावर उतरवून घ्यावा. आमचा एक छान दादरा असाच गेला.

आणखी एक सोय पाहण्यासारखी आहे. काही यंत्रांत 'टॅप' पद्धत असते. पॅडवर एक प्रहार केला की साठवलेल्या ओळीतला पुढचा एकच सूर वाजतो. पुढचा सूर पुढच्या प्रहाराची वाट पाहतो. संथ प्रारंभासाठी आम्ही घंटेसारखे सात सूर असे भरून ठेवले आहेत. इथे यंत्र माणसासाठी थांबते. त्या रविवारी आम्ही ही पद्धत न घेता लूप लावला होता, हा आमचाच अडाणीपणा.

सध्या यंत्र केवळ सरावाला वापरतो. मुलाने वहीत वीस गीतांपुढे लयीचे आकडे लिहून ठेवले आहेत आणि रोलचा सराव तो आधी ६० च्या लयीत, मग चार-चारने वाढवून करतो. मिस्साच्या वेळी मुलगाच वाजवतो. परीक्षेच्या महिन्यात ड्रमवर चादर घातलेली असते आणि आपण कीबोर्डवर गातो.

कोणाला शिकायचे असल्यास शनिवारी सायंकाळच्या सरावानंतर थांबावे. हेडफोन आपला आणावा. यंत्राचे छिद्र जाड पिनेचे आहे, तेव्हा जोडपिनही सोबत असू द्यावी. आमच्याकडे एकच आहे आणि तीही सैल झाली आहे.