बरणीतली हायड्रिला

नाशिकजवळ गोदावरीच्या काठी एकलहरे हे गाव आहे. तेथील औष्णिक वीज केंद्रामुळे हे नाव साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाले. माझे मामू या केंद्रात नोकरीला होते. मी आठवीत असताना उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्याकडे राहायला गेलो, तेव्हाची ही गोष्ट.

मामूंच्या घरी काचेची एक मोठी बरणी रिकामी पडून होती. तिच्यात मासे पाळावेत असे मला वाटले. मामू म्हणाले, "आधी हिरवळ लाव, मासे नंतर." मी नाशिकरोडच्या बाजारातून हायड्रिलाची एक जुडी आणली. दुकानदाराने दहा-बारा काड्या एकत्र करून त्यांना खाली शिशाची पट्टी गुंडाळली होती. मी ती जुडी तशीच वाळूत खोचली आणि बरणी बैठकीतल्या कपाटावर ठेवली. रोज नळाचे ताजे पाणी भरले. मुळे फुटली की नाही हे पाहण्यासाठी एक दिवसाआड जुडी उपटूनही पाहिली! आठ दिवसांत पाने गळाली, देठ काळे पडले आणि पाण्याला वास येऊ लागला. मुमानींनी नाकाला पदर लावला आणि बरणी ओट्यावर नेऊन ठेवली.

मामू रागावले नाहीत. त्यांनी शिशाची पट्टी सोडली, सडलेल्या काड्या बाजूला केल्या. पाच-सहा शेंडे अजून हिरवे होते.

"उसाचे कांडे पाहिले आहेस ना?" त्यांनी विचारले. "त्याच्या पेरावर डोळा असतो. कांडे जमिनीत लावले की डोळ्यातून कोंब फुटतो. हिचेही तसेच आहे, बेटा. ही पाने बघ, एकेका पेराभोवती गोल बसली आहेत. कोंब आणि मुळे या पेरांतूनच फुटतात. जुडी घट्ट बांधलीस, मग आतल्या पानांना उजेड कसा मिळणार? आणि रोज उपटलीस तर मुळांनी धरायचे तरी कशाला?"

त्या दिवशी आम्ही नव्याने सुरुवात केली. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेला असतो. म्हणून पाणी बादलीत भरून रात्रभर उघडे ठेवले. जाड वाळू गढूळपणा जाईपर्यंत धुतली आणि तिचा चार बोटे थर बरणीत दिला. शेंडे वीतभर लांबीचे कापले. प्रत्येकाच्या खालच्या दोन पेरांवरची पाने काढली आणि तेवढाच भाग वाळूत रोवला. दोन काड्यांमध्ये दोन बोटांचे अंतर ठेवले. बरणी पूर्वेच्या खिडकीत आली. सकाळचे ऊन तिला मिळे, दुपारचे कडक ऊन लागत नसे. भर उन्हात ठेवले असते तर काचेवर शेवाळ चढले असते.

"आता दहा दिवस हात लावायचा नाही," मामूंनी बजावले. खरे सांगतो, सगळ्यात अवघड काम हेच होते.

दहा दिवसांनी काचेतूनच पांढरी, दोऱ्यासारखी मुळे दिसली. पुढे आठवड्यातून एकदा फक्त चौथा हिस्सा पाणी बदलायचे, एवढेच काम उरले. सकाळी ऊन पडले की पानांवर बारीक बुडबुडे जमत आणि मण्यांच्या माळेसारखे वर येत. मी बरणीवर जाड कापड टाकले, तर थोड्या वेळाने ते थांबले. कापड काढले, पुन्हा सुरू झाले. हा प्राणवायू होता. वनस्पती उजेडात पाण्यातला कर्बवायू घेऊन आपले अन्न तयार करतात आणि प्राणवायू बाहेर सोडतात. मामू हसून म्हणाले, "आमच्या केंद्रात कोळसा जळतो. तोही कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचाच. तिकडे प्राणवायू खर्च होतो, इकडे तुझी हायड्रिला तो तयार करते."

जून उजाडला तेव्हा बरणी गच्च भरली होती. मी कात्रीने निम्मी हिरवळ कापली. शेंडा कापला की खालच्या पेरांतून नवे कोंब येतात, हे आता मला कळले होते. कापलेल्या काड्या बादलीत भरल्या आणि नदीत टाकायला निघालो. मामूंनी दारातच अडवले.

"ती तर नदीतलीच आहे ना?" मी म्हणालो.

"हायड्रिला इथलीच आहे. पण बादलीत तीच एकटी आहे, याची खात्री आहे तुला?"

मी नीट पाहिले. एका काडीची पाने पिसासारखी चिरलेली होती. इतके दिवस मी तिलाही हायड्रिलाच समजत होतो. ती कॅबोम्बा होती. मूळची अमेरिका खंडातली, दुकानातल्या जुडीबरोबर आलेली. काही पानांना गोगलगाईची अंडीही चिकटली होती.

संध्याकाळी मामूंनी मला नदीवर नेले. पाणी कुठे दिसतच नव्हते. काठापासून काठापर्यंत पाणवेली पसरल्या होत्या. पाणवेलींना जलपर्णीही म्हणतात. ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतली. जांभळ्या फुलांच्या शोभेसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती भारतात आणली गेली. शहराच्या सांडपाण्यावर ती माजते आणि नदी झाकून टाकते. मग खाली उजेड पोहोचत नाही, आणि तळाशी वाढणारी हायड्रिलासुद्धा मरते.

पुढे मी याच्या उलट गोष्टही वाचली. 1950 नंतरच्या काही वर्षांत हायड्रिला शोभेच्या माशांसाठी श्रीलंकेतून अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात गेली. तेथे ती कालव्यांत पोहोचली. तिच्या एका पेराच्या तुकड्यातूनही नवी वनस्पती होते. मग काय विचारता! सरोवरे भरली, होड्या अडकल्या, आणि ती काढण्यासाठी आजही तेथे फार मोठा खर्च होतो. कॅबोम्बानेही आपल्या देशात असेच केले आहे. 2020 साली केरळमध्ये कोझिकोड जिल्ह्यातील एका जलप्रवाहावर तिच्या गुलाबी फुलांचा गालिचा पसरला. लोक छायाचित्रे काढायला धावले. जाणकार मात्र काळजीत पडले.

एकलहऱ्याहून गोदावरी पुढे नांदूर मध्यमेश्वरला जाते. तेथील पाणपक्ष्यांचे अभयारण्य महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून 2020 साली जाहीर झाले. आमच्या बादलीतली काडी वाहत तेथपर्यंतही गेली असती.

त्या दिवशी सगळ्या काड्या आम्ही गच्चीवर उन्हात पसरल्या. चार दिवसांत त्या कडकडीत वाळल्या. मुमानींनी त्या चुरून गुलाबाच्या कुंडीत घातल्या. सुटी संपली, तेव्हा मी चार हिरवे शेंडे ओल्या कापडात गुंडाळून घरी आणले. या वेळी प्रत्येक काडी आधी नीट पाहून घेतली.

शब्दार्थ : जुडी – एकत्र बांधलेल्या काड्या, पेर – खोडावरील सांधा, कर्बवायू – कार्बन डायऑक्साइड, माजणे – बेसुमार वाढणे, मुमानी – मामी.

स्वाध्याय
1. लेखकाची पहिली जुडी का सडली?
2. बरणीवर कापड टाकल्यावर बुडबुडे का थांबले?
3. हायड्रिला आणि पाणवेली यांच्या प्रवासात कोणते साम्य आहे?
4. तुमच्या गावातील नदी किंवा तळे पाहा. पाण्यावर आणि पाण्याखाली कोणत्या वनस्पती दिसतात ते पाच-सहा वाक्यांत लिहा.