नाकारलेले पाठ : ‘गिट’मधील परीक्षण आणि पाठचिकित्सा

जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघू लागले. वामनराव लाखे त्याचे प्रकाशक, रामराव चिंचोलकर व माधवराव सप्रे हे संपादक. आरंभीची छपाई रायपूरची. मराठी मातृभाषा असलेल्या सप्रे यांनी त्यात ग्रंथपरीक्षणाला मानाचे स्थान दिले. हिंदी समीक्षेच्या आरंभकाळात त्यांचे नाव घेतले जाते ते यामुळेच. हे परीक्षण अर्थातच छापून झालेल्या ग्रंथाचे असे. दाखविलेला दोष निदान पुढील आवृत्तीपर्यंत ग्रंथात तसाच राही.

परीक्षण प्रकाशनापूर्वीच झाले आणि ते उतरल्यावाचून मजकुराला प्रवेशच मिळाला नाही, तर लेखक आणि समीक्षक यांचे नाते कसे होईल? याचे उदाहरण साहित्याबाहेर सापडते. आज्ञावलीच्या सर्व आवृत्त्या सांभाळणारे ‘गिट’ हे मुक्त साधन लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी रचले. जुलैमध्ये त्याची धुरा ज्यूनिओ हामानो यांच्याकडे आली. गिटची स्वतःची संहिताही गिटमध्येच ठेवलेली आहे. तीत कोणीही बदल सुचवावा. तो सर्वांसमक्ष वाचला जातो.

परीक्षक येथे केवळ आज्ञावली तपासत नाही. बदलासोबतचे निवेदनही तो तितक्याच काटेकोरपणे वाचतो. सद्यःस्थिती वर्तमानकाळात सांगावी, बदल मात्र आज्ञार्थात, जणू संहितेलाच हुकूम सोडावा, असा दंडक आहे. काय केले यापेक्षा का केले याला महत्त्व. विचारात घेऊन सोडून दिलेले पर्यायही नमूद व्हावेत, अशी अपेक्षा असते. (क्रियापदाच्या अर्थावर इतका कटाक्ष विद्यापीठांतील प्रबंधांना क्वचितच सोसावा लागतो.) आक्षेप आला की लेखक तोच मजकूर नव्याने सिद्ध करतो, दुसरा खर्डा, तिसरा खर्डा. पसंत पडलेला बदलही काही काळ ‘नेक्स्ट’ या शाखेत पारखला जातो आणि मगच ‘मास्टर’मध्ये येतो.

परंतु इतिहासात शिरतो तो अखेरचा खर्डाच. प्रत्येक आवृत्ती जपण्यासाठी घडविलेल्या साधनाच्या स्वतःच्या इतिहासात आधीचे खर्डे नाहीत. ते वेगळ्या जतन केलेल्या पत्रव्यवहारात पडून असतात. याला व्यावहारिक कारण आहे. पुढे एखादा बिघाड कोणत्या बदलाने शिरला हे शोधताना इतिहासातील प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे चालणारी असावी लागते. सदोष खर्डे मध्ये राहिले तर तो शोधच फसतो.

तरीही पाठचिकित्सकाला ही उणीव जाणवेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच्या नेमकी उलट वाट चालते. वि. स. सुखठणकर यांनी १९३३ मध्ये पूर्ण केलेल्या आदिपर्वात स्वीकृत पाठाखाली नाकारलेले पाठ हस्तलिखितांच्या खुणांसह छापलेले आहेत. जेथे निर्णय निःशंक नाही तेथे पाठाखाली नागमोडी रेघ आहे. संपादकाशी असहमत असलेला वाचक त्याच पानावर आपला वेगळा निर्णय करू शकतो. गिटच्या इतिहासाचा वाचक तसे करू पाहील, तर त्याला संहिता मिटवून पत्रव्यवहार उघडावा लागतो. निवेदनाच्या शेवटी ‘रिव्ह्यूड-बाय’ किंवा ‘हेल्प्ड-बाय’ या शब्दांपुढे परीक्षकाचे नाव येते. कोणते वाक्य वा कोणती ओळ त्याने बदलावयास लावली, ते त्या नावावरून कळत नाही.