दाढ गेली, पण कळ राहिली : दंतोपचारानंतरचा मज्जातंतुशूल

दातांचे दुखणे हे आपल्या ग्रामीण भागातील नित्याचे दुखणे होय. दाढ किडते, ठणका लागतो, लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून चार दिवस ढकलले जातात आणि अखेरीस दाढ काढली की माणूस मोकळा होतो. बहुतेकांच्या बाबतीत हे खरेही ठरते. परंतु काही थोड्या रुग्णांची दाढ जाते, जखम भरून येते, हिरडी निरोगी दिसू लागते. कळ मात्र जात नाही. ती गालात, हनुवटीत, कानामागे, कानशिलात पसरते आणि महिनोन् महिने माणसाचा पिच्छा सोडत नाही. अशा रुग्णाला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक, 'तपासणीत काही दिसत नाही, हे मनाचे खेळ आहेत.' दुसरा, 'शेजारची दाढही काढून टाका.' हे दोन्ही सल्ले रुग्णाची हानी करणारे आहेत. या दुखण्याचे स्वरूप काय, ते कसे ओळखावे आणि रुग्णाला योग्य ठिकाणी वेळेवर कसे पोहोचवावे, याची माहिती आरोग्य कर्मचाऱ्यांना व सामान्य वाचकांना करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन प्रातिनिधिक चित्रे

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुका हा मलप्रभेच्या उगमाचा, भातशेतीचा व दाट जंगलाचा प्रदेश. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पावसाळा मोठा, वारा बोचरा आणि गावे विखुरलेली. तेथील एखाद्या गावातील पंचावन्न वर्षांच्या शेतकरी स्त्रीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. हे चित्र कोणा एका व्यक्तीचे नसून या विकाराच्या अनेक रुग्णांत आढळणाऱ्या गोष्टींवरून रेखाटलेले आहे. सकाळी तोंडावर पाणी मारताच उजव्या जबड्यात वीज चमकावी तशी कळ येते. काही क्षणांत ती थांबते. पण भाकरीचा घास चावताना, बोलताना, एस. टी.च्या खिडकीतील वारा गालाला लागताच पुन्हा येते. बाई दाढ काढून घेते. आठ-पंधरा दिवस बरे वाटते व कळ परतते. मग दुसरी दाढ, मग तिसरी. वर्षभरात जबड्याची एक बाजू रिकामी होते. बाई धड जेवू शकत नाही, आणि कळ जिथल्या तिथे राहते.

आता दुसरे चित्र पाहावे. तिशीतील एका तरुणाची खालची अक्कलदाढ आडवी असल्यामुळे शस्त्रक्रियेने काढली जाते. भूल उतरण्याची वेळ टळून गेली तरी खालच्या ओठाचा अर्धा भाग बधिरच राहतो. काही आठवड्यांनी त्या बधिर जागीच जळजळ, मुंग्या आणि ठणका सुरू होतो. दाढी करताना वस्तऱ्याचा नुसता स्पर्शही सोसवत नाही.

वरकरणी दोन्ही रुग्णांची तक्रार एकच आहे : 'दाढ काढली तरी दुखते.' परंतु पहिल्या रुग्णाची कळ दाढेची नव्हतीच. ती मुळात मज्जातंतूची होती व दाढेवर तिचा आळ आला. दुसऱ्या रुग्णाची कळ ही उपचारात मज्जातंतूला झालेल्या इजेतून उद्भवली. म्हणून 'दुखणे दाढ काढण्यापूर्वी कसे होते आणि नंतर कसे आहे' हा प्रश्न सर्वांत प्रथम विचारला पाहिजे.

चेहऱ्याचा मज्जातंतू

चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेण्याचे कार्य पाचव्या क्रमांकाचा मस्तिष्क-मज्जातंतू करतो. त्याच्या तीन शाखा असल्यामुळे त्यास त्रिशाखी मज्जातंतू असे म्हणता येईल; डॉक्टर मंडळी त्यास ट्रायजेमिनल नर्व्ह म्हणतात. पहिली शाखा कपाळ व डोळ्याकडे, दुसरी गाल व वरच्या दातांकडे आणि तिसरी खालचा जबडा, खालचे दात, हनुवटी व कानशिलाकडे जाते. तिसऱ्या शाखेचा एक तंतू खालच्या जबड्याच्या हाडातील नळीतून, दाढांच्या मुळांखालून जातो. अक्कलदाढेची मुळे कित्येकदा या नळीला अगदी खेटून असतात. जिभेकडे जाणारा तंतूही याच भागात हाडाच्या आतल्या बाजूने जातो. दाढ काढताना, भुलीचे इंजेक्शन देताना, कृत्रिम दाताचा खिळा बसविताना किंवा दाताच्या मुळातील नळी भरताना या तंतूंना क्वचित धक्का पोहोचतो, तो यामुळेच. दात, कान, कानशील यांच्या संवेदना याच मार्गाने मेंदूकडे जात असल्याने दाताची कळ डोक्यात व डोक्याची कळ दातात जाणवते.

दुखण्याचे चार प्रकार

पहिला प्रकार दाताशीच संबंधित असतो. दाढ काढल्यानंतर दोन ते चार दिवसांनी ठणका एकाएकी वाढणे व तोंडाला दुर्गंधी येणे हे जखमेतील रक्ताची गुठळी निघून जाऊन हाड उघडे पडल्याचे लक्षण असू शकते. तडकलेला दात, राहून गेलेला मुळाचा तुकडा किंवा पू यांमुळेही वेदना टिकते. हे दोष दंतवैद्य दूर करू शकतात. म्हणून त्यांचा शोध प्रथम घ्यावा.

दुसरा प्रकार मज्जातंतूच्या इजेचा. यात विशिष्ट भागात बधिरता किंवा अतिसंवेदना असते आणि जळजळ, टोचणे, मुंग्या अशा स्वरूपाची वेदना बहुधा सतत राहते. ती इजेनंतर सहा महिन्यांच्या आत सुरू होते. अक्कलदाढ काढल्यानंतर येणारी बधिरता बहुसंख्य रुग्णांत काही आठवड्यांत वा महिन्यांत निघून जाते. ती कायम राहण्याचे प्रमाण शंभरांत एकाहूनही कमी आहे. तेव्हा या भीतीने आवश्यक उपचार टाळण्याचे कारण नाही.

तिसऱ्या प्रकारात दात, हिरडी, क्ष-किरण चित्र सर्व निर्दोष असूनही दाताच्या जागी मंद पण अखंड वेदना राहते. दाताच्या मुळाची नळी भरल्यानंतर, म्हणजे रूट कॅनाल उपचारानंतर, शंभरांतील तीन-चार रुग्णांत दाताशी संबंध नसलेली अशी वेदना सहा महिन्यांनंतरही आढळते, असे विविध अभ्यासांच्या एकत्रित विचारावरून दिसून आले आहे. वेदनेचा निरोप वाहणाऱ्या यंत्रणेतच बिघाड झालेला असतो. घंटा वाजविणारा निघून जावा आणि घंटा मात्र वाजतच राहावी, तसा हा प्रकार आहे. ही वेदना काल्पनिक नव्हे.

चौथा प्रकार खऱ्या त्रिशाखी मज्जातंतुशूलाचा. एकाच बाजूला, विजेच्या धक्क्यासारखी, क्षणापासून दोन मिनिटांपर्यंत टिकणारी तीव्र कळ. तोंड धुणे, दात घासणे, चावणे, बोलणे किंवा वारा लागणे यांनी तिचा उद्भव. दोन कळांच्या मध्ये बहुधा पूर्ण आराम, ही त्याची खूण होय. पन्नाशीनंतर व स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. साधारणपणे किडक्या दाताचा ठणका रात्री झोप उडवितो. ही कळ मात्र झोपेतून उठविण्याचे प्रमाण कमी असते. मेंदूच्या मुळाशी एखादी रक्तवाहिनी या मज्जातंतूवर दाब देत असणे हे त्याचे प्रमुख कारण होय.

जुना अनुभव, नवे ज्ञान

ही फसगत नवी नाही. सुश्रुतसंहितेत शिरोरोगांमध्ये वर्णिलेल्या 'अनंतवात' या व्याधीत मान, डोळे, भुवया, कानशिले व गाल यांच्या तीव्र वेदनेचा उल्लेख असून आजचे वैद्य त्याचे या विकाराशी साम्य दाखवितात. १६७७ मध्ये पॅरिस येथे तत्त्वज्ञ व वैद्य जॉन लॉक यांनी इंग्रज राजदूताच्या पत्नीला तपासले, तेव्हा याच वेदनेपायी तिचे दात आधीच काढले गेले होते व आराम पडलेला नव्हता. १७७३ मध्ये जॉन फॉदरगिल यांनी लंडनमध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. १९३४ मध्ये अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी रक्तवाहिनीच्या दाबाकडे लक्ष वेधले. अपस्मारावरील कार्बामाझेपिन या औषधाने ही कळ शमते, असे १९६२ मध्ये ब्लॉम यांनी दाखवून दिले आणि १९६७ मध्ये पीटर जेनेट्टा यांनी दाब देणारी रक्तवाहिनी मज्जातंतूपासून अलग करण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन केले. राजदूताच्या पत्नीपाशी जे उपाय नव्हते, ते आज खानापूरच्या शेतकरी स्त्रीच्या आवाक्यात येऊ शकतात. प्रश्न केवळ वेळीच ओळखण्याचा आहे.

उपचाराची दिशा

निदानासाठी दंतवैद्याची तपासणी, जबड्याचे क्ष-किरण चित्र आणि आवश्यकतेनुसार मेंदूचे एम. आर. आय. चित्रण केले जाते. त्रिशाखी शूलासाठी कार्बामाझेपिन वा त्याच वर्गातील ऑक्सकार्बाझेपिन ही पहिली औषधे होत. इजेमुळे उद्भवलेल्या सततच्या वेदनेसाठी अमिट्रिप्टिलिन, गाबापेंटिन, प्रीगाबालिन यांसारखी औषधे वापरतात. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा या दुखण्यांवर फारसा परिणाम होत नाही. त्या महिनोन् महिने घेत राहिल्यास जठर व मूत्रपिंड यांना अपाय मात्र होतो.

येथे एक अडचण नेहमी येते. औषधाच्या दुकानात 'ही आकडीची गोळी आहे' किंवा 'ही मानसिक रोगाची गोळी आहे' असे कानावर पडताच घरची मंडळी घाबरतात व औषध बंद करतात. एकच औषध निरनिराळ्या विकारांवर उपयुक्त असते. ते दिले म्हणजे रुग्णाला अपस्मार वा वेड आहे असे नव्हे, हे कुटुंबीयांना समजावून सांगणे हे आरोग्य कर्मचाऱ्याचे महत्त्वाचे कार्य आहे. तद्वतच काही दक्षताही सांगाव्यात. मात्रा हळूहळू वाढवितात. सुरुवातीस गुंगी व चक्कर येऊ शकते. अंगावर पुरळ, तोंडात फोड वा ताप आल्यास कार्बामाझेपिन थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ठरलेल्या रक्ततपासण्या कराव्यात. एरवी सल्ल्याशिवाय औषध एकाएकी बंद करू नये. औषधांनी भागत नसेल, तर त्रिशाखी शूलावर शस्त्रक्रियेचे वा सुईवाटे मज्जातंतूवर करावयाचे उपचार उपलब्ध आहेत.

खानापूर परिसरातील रुग्णांना बेळगाव जवळ आहे. तेथे १९६३ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि १९८५ मध्ये स्थापन झालेले के. एल. ई. संस्थेचे दंतवैद्यक महाविद्यालय आहे. निदान न झालेल्या चेहऱ्याच्या वेदनेसाठी आणखी एक दाढ काढण्यापेक्षा अशा ठिकाणचा एक हेलपाटा अधिक फलदायी ठरेल.

दंतोपचार घेताना

दाढ काढण्यापूर्वी 'नेमका कोणता दोष आहे' हे विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे. खालची अक्कलदाढ काढण्यापूर्वी क्ष-किरण चित्र घ्यावे. भुलीची बधिरता सामान्यतः काही तासांत उतरते. दुसऱ्या दिवशीही ओठ, हनुवटी वा जीभ बधिर राहिल्यास 'होईल बरे' म्हणून थांबू नये, त्याच दंतवैद्याकडे त्वरित जावे. कृत्रिम दाताच्या खिळ्याचा किंवा मुळात भरलेल्या द्रव्याचा मज्जातंतूवर दाब येत असल्यास तो पहिल्या एक-दोन दिवसांत दूर करणे हिताचे असते. उपचाराची तारीख, दाढ, औषधे यांचे कागद जपून ठेवावेत.

धोक्याची लक्षणे

पुढील लक्षणे आढळल्यास रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. कोणताही दंतोपचार झालेला नसता खालचा ओठ वा हनुवटी बधिर होणे, तोंडातील न भरणारी जखम किंवा तोंड उघडण्यास अडथळा. निपाणीसारख्या तंबाखूच्या पट्ट्यात, जेथे तंबाखू व मशेरीचे सेवन घरोघरी आढळते, तेथे कर्करोगाची शंका प्रथम घ्यावी. पन्नाशीपुढील व्यक्तीस नव्याने कानशिलात दुखणे, चावताना जबडा भरून येणे व दृष्टी अंधुक होणे. यात दृष्टी जाण्याचा धोका असतो. श्रम केल्यावर जबड्यात येणारी व छातीत दडपण आणणारी कळ. ती हृदयविकाराची असू शकते.

दीर्घ वेदनेने माणूस खचतो. जेवण, झोप व बोलणे तुटल्याने तो एकाकी पडतो आणि जीव नकोसा झाल्याची भाषा बोलू लागतो. अशा बोलण्याकडे दुर्लक्ष करू नये. त्याला एकटे ठेवू नये, डॉक्टरांना कळवावे. केंद्र शासनाची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची निःशुल्क दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे.

समारोप

दात हा एकदा गेला की परत येत नाही. म्हणून जेथे दोष दिसतो तेथेच उपचार व जेथे दोष दिसत नाही तेथे अधिक चौकशी, हा नियम पाळला पाहिजे. 'मला दुखते' या रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवणे ही उपचाराची पहिली पायरी होय. आशा कार्यकर्तीने घरभेटीच्या वेळी विचारलेल्या एका प्रश्नानेही एखाद्या रुग्णाच्या उरलेल्या दाढा वाचू शकतील.

अभ्यासासाठी प्रश्न

१. दाढेचा ठणका व त्रिशाखी मज्जातंतुशूल यांतील फरक कोणत्या खुणांनी ओळखाल?

२. दाढ काढल्याच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाचा ओठ बधिर असल्यास काय सल्ला द्याल?

३. 'ही आकडीची गोळी आहे' म्हणून औषध बंद करणाऱ्या कुटुंबाची समजूत कशी घालाल?

४. आपल्या कार्यक्षेत्रात एकाच दुखण्यासाठी दोनहून अधिक दाढा काढलेले रुग्ण आहेत काय? असल्यास दुखण्याचा आरंभ कसा झाला, याची नोंद घेऊन ती वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावी.