गावाने बांधले, गावाने राखले

मंडळी, युरोपात रुमानिया नावाचा देश आहे. त्याच्या उत्तरेला मारामुरेश हा डोंगराळ मुलूख आहे. शेते लहान, रान मोठे. हिवाळ्यात बर्फ पडते. इथल्या खेड्यांतली लाकडी चर्चे जगात नावाजली आहेत. चर्च म्हणजे ख्रिस्ती लोकांचे देऊळ.

ही चर्चे तिथल्याच सुतारांनी बांधली. लाकूड जवळच्या रानातले. ओंडक्यांच्या टोकांना खाचा पाडल्या. ओंडके एकात एक बसवून भिंती उभ्या केल्या. छपरावरची कौलेही लाकडाचीच! दाराच्या अंगाला उंच, निमुळता मनोरा. आत जागा बेताची. पहिल्या दालनात बाया उभ्या राहायच्या, पुढच्या दालनात पुरुष.

त्या काळी वाचता येणारे फार थोडे. म्हणून आतल्या भिंतींवर धर्मातल्या कथा रंगवल्या. देसेश्ती गावच्या चर्चमधली चित्रे १७८० सालची आहेत. अक्षर न येणारा माणूस भिंत बघूनच कथा समजून घ्यायचा.

पण चर्च नुसते प्रार्थनेपुरते नव्हते बरं का! बारसे असो, लग्न असो, कोणाची माती असो, गाव इथेच जमायचा. भोवतीच्या आवारात वाडवडिलांच्या कबरी. ईस्टरच्या सणाला घरोघरच्या बाया पाव, अंडी भरून टोपल्या आणतात. पाद्री त्यांवर पवित्र पाणी शिंपडतो. ही चाल अजून आहे.

लाकडाचे वैरी दोन. एक आग, दुसरे पाणी. एक कौल कुजले की पाणी आत येते. मग चित्रे जातात. पुढे ओंडकाही कुजतो. वेळच्या वेळी कौले बदलली, म्हणूनच ही चर्चे अडीचशे-तीनशे वर्षे टिकली.

१९९९ साली युनेस्को या संस्थेने यांतली आठ चर्चे जागतिक वारसा म्हणून नोंदली. मोठा मान मिळाला. पण १९८९ नंतर तिथली पुष्कळ तरुण मंडळी पोटासाठी इटली, स्पेन, फ्रान्सकडे गेली. कित्येक गावांत नवी, मोठी, पक्की चर्चे झाली. आता जुन्या छपरावर चढायचे कोणी?

आपल्या गावातही चावडी असते, देऊळ असते, शाळा असते. दुरुस्तीला पैसा बाहेरून येईलही. पण छप्पर गळू लागले, हे आधी दिसते गावकऱ्यालाच. त्याने पाहिले आणि तो गप्प बसला, तर पैसा येईपर्यंत भिंत खचलेली असते.

विचार करा :
१. चर्चच्या भिंतींवर चित्रे का काढली?
२. तुमच्या गावात सगळ्यांची अशी कोणती जागा आहे? तिची डागडुजी कोण करते?