३.४ ब्राउझरमधील छुपे खनन

एखादे संकेतस्थळ उघडताच संगणकाचा पंखा घरघरू लागतो आणि पान बंद करताच शांत होतो. असे वारंवार घडल्यास छुप्या खननाची शंका घ्यावी. आभासी चलन मिळवण्यासाठी लागणारी किचकट आकडेमोड वाचकाच्या नकळत त्याच्या संगणकाकडून करून घेणे म्हणजे छुपे खनन होय. यात वीज आपली खर्च होते. चलन मात्र दुसऱ्याच्या खात्यात जमा होते.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉइनहाइव्ह’ या सेवेची जावास्क्रिप्ट पानात घातली, की वाचकाचा ब्राउझर ‘मोनेरो’ या चलनासाठी राबू लागे. फेब्रुवारी २०१८ मध्ये, मजकूर वाचून दाखवणाऱ्या ‘ब्राउझअलाउड’ या साधनात कोणीतरी ही स्क्रिप्ट घुसवली. परिणामी ते साधन वापरणारी ४,००० हून अधिक संकेतस्थळे बाधित झाली. त्यांत ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाचेही संकेतस्थळ होते. तात्पर्य, संकेतस्थळ विश्वसनीय असले, तरी त्यावरील प्रत्येक स्क्रिप्ट तेथूनच येते असे नाही.

कॉइनहाइव्ह २०१९ मध्ये बंद झाली. धोका मात्र टळला नाही. म्हणून पुढील दक्षता घ्यावी :

(१) ब्राउझर अद्ययावत ठेवावा.
(२) घातक स्क्रिप्ट रोखणारे एक्स्टेन्शन अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे. अनोळखी एक्स्टेन्शन काढून टाकावे.
(३) प्रोसेसरवर कोणत्या पानाचा भार पडतो, हे टास्क मॅनेजरमध्ये पाहून ते पान बंद करावे.
(४) ब्राउझर बंद करूनही भार कायम राहिल्यास संगणकात मालवेअर शिरले असण्याची शक्यता असते. अशा वेळी अँटिव्हायरसने तपासणी करावी.

आपली प्रगती तपासा
शासकीय संकेतस्थळावरही छुपे खनन कसे होऊ शकते, ते उदाहरणासह स्पष्ट करा.