मन लागत नाही म्हणून

१५३५ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, स्पेनमधल्या आविला शहरातली तेरेसा कार्मेल संघाच्या मठात दाखल झाली. मठ मोठा, नियम सैल. भेटीच्या खोलीत जाळीपलीकडे शहरातली मंडळी येऊन बसत. तेरेसाचं बोलणं लाघवी, त्यामुळे तिला सारखं बोलावणं येई. त्या गप्पांत वावगं काही आहे असं तिथे फारसं कुणाला वाटत नसे. पण ती प्रार्थनेला बसली की तीच माणसं, तेच विषय मनात फेर धरत. कित्येक वर्षं आपले कान देवाकडे नव्हे, घड्याळाच्या टोल्याकडे लागलेले असत, असं तिने आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. हाताशी पुस्तक नसलं तर प्रार्थनेला बसायला ती धजत नसे.

याच तेरेसाला १९७० मध्ये पोप सहावे पौल यांनी अखिल चर्चची गुरू म्हणून गौरवलं.

मन भरकटणं हा तिचा मोठा अपराध नव्हता, आणि तिनेही तो तसा मानला नाही. तिला आयुष्यभर सलली ती पुढची गोष्ट. असं विखुरलेलं मन घेऊन देवापुढे बसायची आपली लायकी नाही, असं वाटून तिने एकांतातली प्रार्थनाच सोडली. वर्षभराहून अधिक काळ. एकांतातल्या प्रार्थनेची वाट तिनेच आपल्या वडिलांना दाखवली होती. त्यांना तिने प्रकृतीचं कारण सांगितलं. बापाने लेकीवर विश्वास ठेवला. १५४३ मध्ये ते वारले. त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक, व्हिसेंते बारोन नावाचे डोमिनिकन धर्मगुरू, यांच्यापाशी तेरेसाने मन उघडं केलं. प्रार्थना सोडू नको, असं त्यांनी तिला बजावलं. तिने ती पुन्हा धरली आणि मग कधी सोडली नाही. ओढाताण मात्र त्यानंतरही बरीच वर्षं चालली.

हा प्रसंग वाचताना मला चटका बसतो, कारण तीच चूक माझ्या हातून झाली आहे. आमच्या घरी रात्री जेवणाआधी जपमाळ होते. एका रात्री प्रार्थना सांगायची पाळी माझी होती. गुडघ्याशी ठेवलेला फोन थरथरला. सोसायटीच्या निवडणुकीचा निरोप असणार म्हणून मी नजर टाकली आणि मणी मोजायचं विसरलो. मान वर केली तेव्हा आई दहावा मणी चिमटीत धरून, डोळे मिटून थांबली होती. ती काही बोलली नाही. मीच दुसऱ्या दिवसापासून बसायचं बंद केलं. मन लागत नाही तर उगाच ढोंग कशाला, असं स्वतःला सांगत राहिलो आणि तो प्रामाणिकपणा समजलो. सात महिने आई एकटी बसत होती.

परत बसलो तेव्हा मन पूर्वीइतकंच चंचल होतं. फरक दोनच गोष्टींनी पडला.

पहिली बाहेरची. तेरेसाने १५६२ मध्ये आविलातच संत योसेफाचा लहानसा मठ काढला. तिथे भगिनी मोजक्याच, आणि बाहेरच्यांची ये-जा फार कमी. भेटीच्या खोलीने काय हिरावून घेतलं ते तिला माहीत होतं, म्हणून तिने आधी दार आवरलं. आपल्या घरातली भेटीची खोली म्हणजे फोन. तो जपमाळेच्या वेळी आमच्याकडे आता स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर असतो. बायबलही छापील घेतो, कारण फोनवर शुभवर्तमान उघडलं की बोट कधी भलतीकडे जातं ते कळत नाही.

दुसरी आतली, आणि ती दाराने आवरत नाही. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचे डीन, कवी जॉन डन यांनी १६२६ मधल्या एका प्रवचनात भर सभेत कबुली दिली: आपण देवाला बोलावतो, आणि माशी गुणगुणली, गाडी खडखडली, दार कुरकुरलं की त्याला तसंच सोडून तिकडे वळतो. जिनिव्हाचे बिशप फ्रान्सिस द सेल्स सांगत की भटकलेलं मन रागाने ओढू नये, हळुवार परत आणावं, पुन्हा गेलं तर पुन्हा आणावं. तेरेसानेही १५७७ मध्ये ‘अंतरीचा किल्ला’ लिहिताना मनाला खडखडणाऱ्या चक्कीची उपमा दिली. आवाज चालू राहू द्यावा, आपण आपलं दळण दळावं. तो ग्रंथ लिहिताना तिच्या स्वतःच्या डोक्यात आवाज घुमत होते.

मी आता एवढंच करतो. विचार आला की मणी घट्ट धरतो, येशूचं नाव घेतो, पुढे जातो. कधी जपमाळेच्या पाच दशकांत वीस वेळा परतावं लागतं. त्या रात्री प्रार्थना फुकट गेली असं मी मानत नाही.

तुम्हीही मन लागत नाही म्हणून उठून गेला असाल, तर मन लागायची वाट पाहू नका. घरात कुणी जपमाळ धरून एकटं बसत असेल, तर आज रात्री त्यांच्या शेजारी जाऊन बसा.